शेवटच्या ओळीने चार दिवस खाल्ले

१० जून २०२४, सोमवार. सकाळी साडेदहाला ग्रंथपाल काकांचा फोन आला. "बाई, मशीन चालू होईना. काळ्या पडद्यावर सगळं इंग्रजीच आलंय." मी म्हटलं, "काका, काय लिहिलंय ते वाचून दाखवा." त्यांनी चष्मा शोधला आणि सगळ्यात खालची ओळ एकेक शब्द सुटा करत वाचली: "बिन, एसएच, कान्ट अ‍ॅक्सेस टीटीवाय, जॉब कंट्रोल टर्न्ड ऑफ." ती ओळ मी कागदावर लिहून घेतली. पुढचे चार दिवस मी तिच्याच मागे धावत होते.

हे लिहितेय ते अशाच एखाद्या वाचनालयाचं, शाळेचं नाहीतर पतसंस्थेचं लिनक्सचं मशीन सांभाळणाऱ्या माणसासाठी. त्याचं संगणकाचं शिक्षण झालेलं नसेल, तसं माझंही नाही. मी हायस्कूलवर विज्ञान शिकवते. आमचं वाचनालय सांगली जिल्ह्यातलं, 'ब' वर्गातलं. नऊ हजारांवर पुस्तकं आहेत आणि २०२१पासून सगळी देवघेव कोहा या सॉफ्टवेअरवर चालते. खाली डेबियन ११ हे लिनक्स, जुना डेस्कटॉप, ५०० जीबीची फिरती डिस्क. आज्ञा मी देवनागरीत लिहिल्या आहेत, कारण काकांच्या वहीत आम्ही त्या तशाच उतरवल्या आहेत आणि फोनवरून सांगायला त्या बऱ्या पडतात. टाइप करताना मात्र रोमन लहान अक्षरांतच करायच्या.

शाळा उघडायला अजून पाच दिवस होते, त्यामुळे संध्याकाळी सहाला मी वाचनालयात पोचले. रविवारी रात्री पहिला जोराचा पाऊस झाला होता आणि लाइट तीनदा गेली होती. यूपीएसची बॅटरी उन्हाळ्यातच दमली होती, तेव्हा मशीन तीनदा धाडकन बंद पडलं असणार. पडद्यावर 'इनिट्रॅमएफएस' हा एकच शब्द कंसात, ओळीखाली ओळ, वीसेक वेळा. काकांनी काहीतरी होईल म्हणून एंटर दाबला होता, पुन्हा दाबला होता, आणि वरचा सगळा मजकूर वर सरकून निघून गेला होता. मी शिफ्ट आणि पेज-अप दाबून पाहिलं, काही हललं नाही. नंतर कळलं की लिनक्सच्या कर्नलमधून, म्हणजे गाभ्यातून, ५.९ या आवृत्तीपासून काळ्या पडद्यावर मागे जाऊन वाचायची सोय काढून टाकली आहे. डेबियन ११मध्ये कर्नल ५.१० आहे. म्हणजे गेलेली ओळ गेलीच. हे त्याच दिवशी माहीत असतं तर मी मशीन पुन्हा चालू करून पहिल्यापासून वाचलं असतं. पण बंद केलं तर आणखी बिघडेल अशी भीती वाटली. दिसत होतं त्याचा फोटो काढला आणि घरी आले.

टीटीवाय म्हणजे टर्मिनल, एवढं वाचून समजलं. टेलिटाइप या जुन्या यंत्राच्या नावावरून ती अक्षरं आली आहेत. 'टर्मिनलपर्यंत पोचता येत नाही' याचा सरळ अर्थ मी लावला: कीबोर्ड किंवा मॉनिटर नीट जोडलेला नाही. मंगळवारी सकाळी तालुक्याला जाऊन ४५० रुपयांचा कीबोर्ड आणला. ओळ तशीच. जुन्या कीबोर्डवरूनही अक्षरं व्यवस्थित उमटत होती, हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. तरी ती ओळ मनात इतकी पक्की बसली होती की त्याचा विचारच केला नाही.

मग वाटलं, डिस्क मेली आहे का ते बघू. एका शिक्षक मित्राने फोनवर सुचवलं की डीडी या आज्ञेने सगळी डिस्क वाचून कचऱ्यात टाकायची, म्हणजे डेव्ह/एसडीए वाचायची आणि डेव्ह/नल मध्ये ओतायची. कुठे अडखळली तर समजेल. मी आज्ञा दिली. पडदा गप्प. दहा मिनिटांनी धीर सुटला आणि मी कंट्रोल-सी दाबलं. पडद्यावर टोपीचं चिन्ह आणि सी उमटलं. डिस्कची घरघर चालूच. पुन्हा दाबलं, पुन्हा टोपी आणि सी. कंट्रोल-झेड दाबलं, टोपी आणि झेड. एका ओळीत सात-आठ टोप्या झाल्या, आणि माझ्या हातात काहीच राहिलं नाही. त्या क्षणी जी अगतिकता वाटली ती अजून आठवते. मशीन ऐकतंय, मी दाबलेलं लिहूनही दाखवतंय, पण थांबत नाही. काका म्हणाले, "बाई, बटण दाबून बंद करू का?" मी नको म्हटलं. डीडी आपणहून संपायला एक तास चाळीस मिनिटं लागली. शेवटी किती वाचलं त्याचा आकडा आला आणि चूक एकही नाही. म्हणजे डिस्क टोकापर्यंत वाचता येत होती. ही चांगली बातमी होती, पण तेव्हा ती ओळखण्याइतकी मी शुद्धीवर नव्हते. रात्री आठ वाजता काकांनी कुलूप लावलं.

बुधवारी दुरुस्तीवाले आले. भेटीचे २०० रुपये. त्यांनी पडदा पाहिला आणि सांगितलं, ओएस उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल, ८०० रुपये, डेटाची हमी नाही. काकांचा चेहरा उतरला. पुस्तकांची दाखल नोंदवही कागदावर आहे, ती कुठे जात नाही. पण सभासदांची अनामत, थकलेली वर्गणी, कोणाकडे कोणतं पुस्तक आहे, हे सगळं मशीनमध्येच. बाहेर काढलेली शेवटची प्रत फेब्रुवारीची. मी म्हटलं, मला एक दिवस द्या. ते तयार झाले, याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत.

गुरुवारी, १३ तारखेला, शेवटी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. या वेळी मोबाइल ज्ञानकोशाच्या दोन खंडांवर टेकवून पडद्यावर रोखला आणि पहिल्या सेकंदापासून चित्रीकरण केलं. मग टेबलावर बसून ते थांबवत थांबवत वाचलं. ती शेवटची ओळ जशीच्या तशी खाली होती. तिच्या वर बिझीबॉक्सचं (छोट्या आज्ञांच्या संचाचं) नाव आणि १.३०.१ ही आवृत्ती. त्याच्याही वर, पाच-सहा ओळी आधी, हे होतं: डेव्ह/एसडीए१ वर अनपेक्षित विसंगती आहे, एफएससीके (फाइलसिस्टिम तपासणारी आज्ञा) हाताने चालवा. आणि त्याखाली: मूळ फाइलसिस्टिमला हाताने तपासणी हवी आहे.

इतकं साधं, इतकं स्पष्ट. लाइट जाऊन फाइलसिस्टिममध्ये, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींच्या मांडणीत, गोंधळ झाला होता, मशीनने सुरू होताना स्वतः तपासणी करून पाहिली, जे स्वतःच्या अधिकारात दुरुस्त करता येईना ते माणसावर सोपवलं आणि त्यासाठी एक आणीबाणीचं शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा घेणारा कार्यक्रम, उघडून दिलं. ते शेल उघडताना त्याने स्वतःबद्दल एक सूचना दिली: माझ्याकडे टर्मिनलचा ताबा नाही, तेव्हा जॉब कंट्रोल बंद राहील. ती सूचना शेवटी आली म्हणून मी तिला आजार समजले. तुमच्यावर हीच वेळ आली असेल तर आणि वरच्या ओळी निघून गेल्या असतील तर त्याच शेलमध्ये कॅट या आज्ञेने रन/इनिट्रॅमएफएस/एफएससीके.लॉग ही फाइल वाचा. तपासणीचा मजकूर तिथे साठवलेला असतो. मला हे दोन दिवस उशिरा कळलं.

लगेच एफएससीके चालवायचा मोह झाला, पण आधी प्रत काढायची असं ठरवलं. तपासणी दुरुस्ती करते म्हणजे लिहिते, आणि लिहिलेलं परत येत नाही. ३८० रुपयांचा ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह आणला, शाळेतल्या संगणकावर डेबियनची थेट चालणारी आवृत्ती त्यावर चढवली. शुक्रवारी सकाळी त्यावरून मशीन चालू केलं. इथे एक जपा: पेन ड्राइव्हवरून चालू केल्यावर डिस्कांची नावं बदलू शकतात, म्हणून एलएसबीएलके या आज्ञेने आकार बघून आपली कोणती ते ओळखा. विभाग जोडताना 'आरओ' आणि 'नोलोड' असे दोन्ही पर्याय दिले. नुसतं 'आरओ' म्हणजे फक्त वाचण्यासाठी. पण एक्स्ट४ फाइलसिस्टिम तेव्हासुद्धा आपली रोजनिशी, म्हणजे जर्नल, डिस्कवर उतरवू पाहते. 'नोलोड' म्हटलं की तेही करत नाही. कोहा रोज आपली एक प्रत व्हार/स्पूल/कोहा मध्ये टाकत असतं. ९ जूनची प्रत तिथे होती. ती मी दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घेतली, घरच्या लॅपटॉपवर उघडून बघितली, आणि मग कुठे चार दिवसांनी पहिल्यांदा जेवण गोड लागलं.

दुपारी मशीन पुन्हा डिस्कवरून चालू केलं. तीच काळी स्क्रीन, तीच शेवटची ओळ. आता तिची भीती वाटली नाही. एफएससीके, एक जागा, डॅश वाय, एक जागा, डेव्ह/एसडीए१. डॅश वाय म्हणजे प्रत्येक प्रश्नाला हो. बावीस मिनिटं लागली. अनाथ आयनोड (फाइलींच्या नोंदी), मोकळ्या ब्लॉकांची चुकलेली मोजणी, असं बरंच काही पळत गेलं आणि शेवटी फाइलसिस्टिम बदलली असल्याची ओळ आली. 'एक्झिट' लिहून एंटर दाबला. त्याने पुन्हा तपासणी केली, ती निमूट पार पडली आणि पाच मिनिटांत कोहाचं पान उघडलं. काकांनी पडद्याला हात जोडले. हरवलं-सापडलं फोल्डरमध्ये नुसत्या आकड्यांच्या नावाच्या तीन फाइली निघाल्या, तिन्ही लॉगचे तुकडे. चार दिवसांच्या देवघेवीच्या ६१ नोंदी काकांनी वहीत ठेवल्या होत्या, त्या आम्ही संध्याकाळी दोघांनी बसून चढवल्या.

इथे थांबता आलं असतं. पण मंगळवारच्या त्या टोप्या डोक्यातून जात नव्हत्या. कंट्रोल-सी दाबल्यावर मशीन का थांबलं नाही? सूचनेत 'जॉब कंट्रोल बंद' असं म्हटलं होतं, तर ते नक्की काय बंद होतं? रविवारी, १६ तारखेला, शाळेच्या प्रयोगशाळेतल्या एका निकामी संगणकावर डेबियन टाकून मी ते पाहिलं. बिघाड नसतानाही त्या शेलमध्ये जाता येतं, हे मला फार उपयोगी पडलं: चालू होताना ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या कार्यक्रमाच्या) यादीत ई दाबायचं, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'ब्रेक' हा एक शब्द जोडायचा आणि कंट्रोल-एक्स दाबायचं. डिस्कला हात न लागता मशीन तिथे येऊन थांबतं. ज्यांच्याकडे असं मशीन आहे त्यांनी एकदा निवांत वेळी हे करून बघावं. आणीबाणीत पहिल्यांदा बघण्यापेक्षा कितीतरी बरं.

समजलं ते माझ्या पद्धतीने सांगते, कारण मी ते पुढे नववीच्या पोरांनाही असंच सांगितलं. लिनक्समध्ये चालणारी प्रत्येक प्रक्रिया एका गटात असते आणि असे काही गट मिळून एक सत्र होतं. वर्ग आणि वर्गातले गट म्हणा. प्रत्येक वर्गाला फार तर एक माईक मिळतो, तो म्हणजे त्या सत्राचं नियंत्रक टर्मिनल. एका वेळी माईक एकाच गटासमोर असतो. तुम्ही कंट्रोल-सी दाबता तेव्हा कर्नल त्याचं रूपांतर २ क्रमांकाच्या सिग्नलमध्ये करतो आणि माईकसमोरच्या गटाला तो पोचवतो. कंट्रोल-झेडचा सिग्नल विसाव्या क्रमांकाचा. मागच्या गटांना यातलं काही लागत नाही. आज्ञेगणिक माईक कोणत्या गटासमोर ठेवायचा, थांबवलेला गट पुन्हा पुढे कसा आणायचा, ही शेलची जबाबदारी. यालाच जॉब कंट्रोल म्हणतात. ही सोय सी शेलमध्ये पहिल्यांदा केली ती ऑस्ट्रियातल्या लॅक्सेनबर्गच्या आयआयएएसए संस्थेतले जे. ई. कल्प यांनी, आणि १९८०च्या ४बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत ती आली. पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकाच्या १९८८च्या प्रमाणात ती ऐच्छिक होती, २००१च्या प्रमाणात सक्तीची झाली.

आता आणीबाणीचं शेल. ते डेव्ह/कन्सोल या उपकरणावर उघडतं. कन्सोल म्हणजे शाळेच्या भिंतीवरचा भोंगा. त्यावरून बोललेलं सगळ्यांना ऐकू येतं, पण भोंगा कोणत्याही एका वर्गाचा नसतो. कर्नलने मुद्दाम तसं ठेवलं आहे: डेव्ह/कन्सोल कोणी उघडलं तरी ते त्याचं नियंत्रक टर्मिनल होत नाही. शेल सुरू होताना डेव्ह/टीटीवाय उघडून बघतं. हे गमतीचं नाव आहे, याचा अर्थ दर वेळी 'माझं स्वतःचं टर्मिनल' असा होतो. स्वतःचं काही नसेल तर ते उघडत नाही, आणि शेल ती ओळ छापतं. मी तपासायला तिथे एको हाय लिहून ते डेव्ह/टीटीवाय मध्ये ढकललं. उत्तर आलं: नो सच डिव्हाइस ऑर अ‍ॅड्रेस. टीटीवाय नावाची आज्ञा दिली तर उत्तर डेव्ह/कन्सोल. मंगळवारी मी कंट्रोल-सी दाबत होते तेव्हा कर्नलला ते कळत होतं, पण पोचवायला समोर गटच नव्हता.

मग त्याच शेलमध्ये स्लीप १००० दिलं, कंट्रोल-सी दाबलं: टोपी, सी, आणि शांतता. मशीन पुन्हा चालू करून परत आत आले आणि या वेळी आधी ही आज्ञा दिली: सेटसिड, एसएच, डॅश सी, आणि अवतरणात 'एक्झेक एसएच', तीत वाचणं डेव्ह/टीटीवाय१ वरून, लिहिणं डेव्ह/टीटीवाय१ वर, आणि चुकांची वाटही त्याच मार्गाला. सेटसिडने नवं सत्र सुरू होतं, त्या सत्राचा म्होरक्या टीटीवाय१ हे खरं टर्मिनल उघडतो आणि ते त्याच्या नावावर होतं. नवा प्रॉम्प्ट आला. ती ओळ आली नाही. स्लीप १०००. कंट्रोल-सी. प्रॉम्प्ट परत. पुन्हा स्लीप १०००, कंट्रोल-झेड: कंसात १, अधिक, स्टॉप्ड. प्रयोगशाळेत मी एकटीच होते, तरी टाळी वाजवली. टीटीवाय१ की दुसरं काही याचा विचार करायचा नसेल तर बिझीबॉक्समध्ये सीटीटीवायहॅक नावाची छोटी आज्ञा आहे. सेटसिड, सीटीटीवायहॅक, एसएच असं लिहिलं की ती चालू टर्मिनल स्वतः शोधते.

हे काही करायला जमलं नाही तरी जॉब कंट्रोल बंद असलेलं शेल लुळं नसतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आज्ञेच्या शेवटी अँड चिन्ह दिलं तर काम मागे चालू राहतं आणि प्रॉम्प्ट आपल्याकडे येतो. पुढे आणायची आणि कंट्रोल-झेडची सोय नाही, पण डॉलर आणि उद्गारचिन्ह एको करून क्रमांक मिळतो आणि किल त्या क्रमांकाला लागू पडते. मंगळवारी डीडीपुढे ते एक चिन्ह दिलं असतं तर मी आणि काका रात्री आठपर्यंत अडकलो नसतो. आणि सगळंच अडकलं तर वीज तोडण्याआधी ऑल्ट आणि सिस-रिक्वेस्ट दाबून ठेवून सावकाश एस, यू, बी ही तीन अक्षरं. डेबियनच्या मूळ मांडणीत ही तिन्ही चालतात: लिहायचं राहिलेलं लिहून टाक, डिस्क फक्त वाचण्यापुरती ठेव, पुन्हा चालू हो.

३० जूनला कार्यकारिणीची बैठक झाली. यूपीएसची १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी ११०० रुपये, पेन ड्राइव्ह ३८०, भेटीचे २००. असे १,६८० रुपये ठरावाने मंजूर झाले. कीबोर्डचे ४५० मी मांडले नाहीत, तो कीबोर्ड आता माझ्या घरी आहे. पेन ड्राइव्हच्या पावतीवर वाचनालयाचं नाव नव्हतं म्हणून खजिनदारांनी व्हाउचर परत पाठवलं. पावती पहिल्याच दिवशी संस्थेच्या नावे घ्या, नाहीतर अनुदानाच्या तपासणीला ती चालत नाही.

प्रत बाहेर ठेवायचा धडा पक्का बसला होता, म्हणून जुलैत वाचनालयाच्या मशीनवरून माझ्या घरच्या लॅपटॉपवर रोज रात्री प्रत पाठवायची स्क्रिप्ट क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीत, लावली. पहिल्याच सकाळी तिथल्या टपालपेटीत दोन ओळी: बॅश, कॅनॉट सेट टर्मिनल प्रोसेस ग्रुप, इनअ‍ॅप्रोप्रिएट आयऑक्टल फॉर डिव्हाइस, आणि, नो जॉब कंट्रोल इन धिस शेल. ओळखीचे पाहुणे. क्रॉनकडे टर्मिनल कधीच नसतं, आणि मी बॅश या शेलला डॅश आय देऊन 'माणूस समोर आहे' असं सांगितलं होतं, माझ्या बॅशआरसी या मांडणीच्या फाइलमधली नावं मिळावीत म्हणून. डॅश आय काढलं, हवी ती नावं स्क्रिप्टमध्येच लिहिली, त्या दोन ओळी गेल्या. प्रत मात्र तरीही पोचली नाही. या खेपेला खरी ओळ त्यांच्या खाली होती: परमिशन डिनाइड. प्रत पाठवणारं आरसिंक पासवर्ड मागत होतं आणि द्यायला कोणी नव्हतं.

मग हाताने चालवून पाहिलं, शेवटी अँड देऊन मागे टाकलं, तर काम लगेच 'स्टॉप्ड'. जॉब्स डॅश एल विचारल्यावर कारण दिसलं: स्टॉप्ड, टीटीवाय आउटपुट. पासवर्ड घेताना अक्षरं दिसू नयेत म्हणून एसएसएच (आरसिंक ज्यातून दूरच्या मशीनला जोडतं ते) टर्मिनलची मांडणी बदलतं. मागच्या गटाने तसा प्रयत्न केला की कर्नल २२ क्रमांकाचा सिग्नल देऊन त्याला जागच्या जागी बसवतो. माईक नसताना माईकचे खुंटे फिरवू नयेत, इतका सरळ नियम. एफजी लिहून काम पुढे आणलं की ते पासवर्ड मागतं. कायमचा उपाय म्हणजे एसएसएच-कीजेनने किल्ली बनवणं आणि एसएसएच-कॉपी-आयडीने ती पलीकडे ठेवणं. दहा मिनिटांचं काम. ३ जुलैपासून प्रत रोज येते. त्याच आठवड्यात एसएसएचने थेट टॉप (चालू कामांची यादी दाखवणारी आज्ञा) चालवायला गेले तेव्हा टर्म नावाचं काही ठरलेलं नाही अशी तक्रार आली. दूरच्या मशीनला एकच आज्ञा पाठवली तर एसएसएच टर्मिनल देत नाही, मागून घ्यावं लागतं: डॅश टी.

२२ ऑगस्टला सकाळी पावणेअकराला पुन्हा काकांचा फोन. मी तासावर होते, पोरांना उतारा लिहायला देऊन बाहेर आले. "बाई, तोच काळा पडदा. एंटर दाबला नाही. वरून वाचतो, लिहून घ्या." त्यांनी वरून वाचलं: मूळ डिस्कची वाट बघून कंटाळलो. मग नेहमीच्या कारणांची यादी. मग: अ‍ॅलर्ट, अमुक यूयूआयडी (डिस्कच्या विभागाचा ओळख क्रमांक) अस्तित्वात नाही. शेवटी म्हणाले, "आणि खाली ती आपली टीटीवायची ओळ आहे, ती सोडतो." मी त्यांना बीएलकेआयडी ही दिसणाऱ्या डिस्कांची यादी देणारी आज्ञा टाइप करायला सांगितलं. "काही आलं नाही, नुसता प्रॉम्प्ट." म्हणजे मशीनला डिस्कच दिसत नव्हती. मी म्हटलं, "बटण दाबून बंद करा, प्लग काढा, बाजूचं झाकण उघडा. डिस्कला जाणारी चपटी पातळ केबल आहे ना, ती दोन्हीकडून काढून घट्ट बसवा." आदल्या दिवशी टेबल सरकवून झाडलं होतं, असं ते बोलता बोलता म्हणाले. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज, झाकणाचा आवाज, पंखा सुरू झाल्याचा आवाज. सव्वाअकराला देवघेव सुरू झाली.